सोलापूरच्या रस्त्यावर बसून ऊन रंगवताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रविवारी सकाळी आम्ही आठ-दहा जण रंगांच्या पिशव्या घेऊन शहरात कुठेतरी बसतो आणि समोरचा रस्ता रंगवतो. कधी नवी पेठ, कधी कन्ना चौक, कधी सिद्धेश्वर तलावाचा काठ. येणारे-जाणारे थांबतात, नवी मुलं येतात, त्यांचे आई-वडील येतात. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

इम्प्रेशनिस्ट चित्र म्हणजे नेमकं कसं चित्र?

एका जागेवरून, एका वेळी, डोळ्याला जे दिसलं ते पटकन रंगात धरलेलं चित्र. मराठीत यासाठी 'दृक्प्रत्ययवाद' असा शब्द आहे आणि तो अर्थाला अगदी चपखल आहे, कारण इथे भरवसा डोळ्याच्या प्रत्ययावर असतो. रिक्षाचं टप काळं असतं हे आपल्याला पाठ असतं. पण सकाळी साडेसातला पूर्वेकडून ऊन आलं की तेच टप वरून फिकट निळसर चमकतं आणि फक्त खालच्या कडेला काळपट उरतं. पाठ असलेलं बाजूला ठेवून दिसलेलं रंगवायचं, एवढंच. करायला बसलं की कळतं, हे किती अवघड आहे.

नाव मात्र थट्टेतून पडलं. १८७४ च्या एप्रिलमध्ये पॅरिसमधल्या काही चित्रकारांनी नादार या छायाचित्रकाराच्या जुन्या स्टुडिओत स्वतःचं प्रदर्शन भरवलं. त्यात क्लोद मोने यांनी १८७२ साली रंगवलेलं ल हाव्र बंदरातल्या सूर्योदयाचं चित्र होतं आणि त्याच्या नावात 'इम्प्रेशन' हा शब्द होता. लुई लरुआ या समीक्षकाने तोच शब्द पकडून सगळ्यांची खिल्ली उडवली आणि तो कायमचा चिकटला. १८८६ पर्यंत या मंडळींची आठ प्रदर्शनं झाली. आठही प्रदर्शनांत चित्रं असणारा एकच माणूस, कामिय पिसारो.

पॅरिसच्या त्या चित्रांचा आणि सोलापूरचा काय संबंध?

त्यांनी देवादिकांची आणि राजेरजवाड्यांची चित्रं सोडून स्वतःच्या गावातला रोजचा रस्ता रंगवला. नवे रुंद रस्ते, घोडागाड्या, छत्र्या, रेल्वे स्टेशन. १८७७ साली मोने सँ-लझार स्टेशनात जाऊन इंजिनाची वाफ रंगवत होते. त्याच सुमारास आपल्याकडे 'जुनी मिल' नावाची कापडगिरणी सुरू झाली. वाफ, धूर, पाळीवर निघालेली माणसं तिकडेही होती आणि इकडेही. तिकडे ती चित्रात आली, इकडे आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात राहिली. कुणी तेव्हा मिलच्या फाटकासमोर बसून ती पाळी सुटताना रंगवली असती तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही. म्हणून निदान आजचा रस्ता तरी आपण रंगवू.

जवळचं उदाहरण हवं असेल तर कोल्हापूर बघा. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थाच्या परिसरात राहून तिथली निसर्गचित्रं वर्षानुवर्षं रंगवली. विषय शोधायला ते लांब गेले नाहीत.

एक गोष्ट मात्र पॅरिसकडून घेऊ नका : तिथली धुरकट, ओलसर हवा. आमच्यातली बरीच मुलं मोबाइलवर ती चित्रं बघतात आणि दत्त चौकावर धुकं रंगवतात. सोलापूरचं ऊन तसं नाही. ते कोरडं आहे, पांढरं आहे आणि सरळ अंगावर येतं. त्याची वेगळी तऱ्हा शिकावी लागते.

मग सोलापूरच्या उन्हात रंग दिसतात तरी कुठे? सगळं पांढरंफटक दिसतं.

सावलीत. या पानावरची एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा : आपल्याकडे उन्हात रंग उडतो आणि सावलीत सापडतो.

मे महिन्यात अकरा वाजता नवी पेठेत उभे राहा. उन्हातला रस्ता, उन्हातली भिंत, उन्हातला शर्ट, सगळं जवळजवळ एकाच फिक्या रंगाचं होतं. आता दुकानाच्या पडद्याखाली बघा. तिथे लटकवलेल्या साड्यांचा डाळिंबी डाळिंबीच आहे, मोरपंखी मोरपंखीच आहे. फरशीवर त्यांची रंगीत झाक पडली आहे. गिऱ्हाइकाच्या हनुवटीखाली, खालून परतून आलेल्या उन्हाचा पिवळसर उजेड आहे. ऊन म्हणजे चित्रातली कोरी ठेवायची जागा आणि सावली म्हणजे रंगवायची जागा, असं धरून चाललात तर निम्मं काम झालं.

सावली काळ्या रंगाने का रंगवायची नाही?

कारण ती काळी नसते. सावलीत सूर्याचं ऊन थेट पोचत नाही, पण वरचं निळं आभाळ आणि आजूबाजूच्या भिंती, रस्ता यांच्यावरून परतलेला उजेड पोचतो. म्हणून मोकळ्या आभाळाखालची सावली निळसर असते, पिवळ्या भिंतीलगतची उबदार असते. शिवाय शेजारी पिवळट ऊन असलं की आपल्या डोळ्याला सावलीत जांभळी छटा भासते. पॅरिसच्या त्या चित्रकारांपैकी बहुतेकांनी सावलीतला काळा रंग काढून टाकला तो यामुळेच.

मी सुरुवातीला तीन-चार वर्षं बाटलीतला काळा थेट सावलीला लावत होतो. ती सगळी चित्रं आज मेलेली दिसतात. रस्त्यावर खड्डे पडलेत की सावल्या, ते कळत नाही. आता अल्ट्रामरीन निळ्यात थोडा क्रिमसन आणि अगदी चिमूटभर बर्न्ट सायना घालतो.

एकदा सात रस्त्याजवळ हे करत असताना एक रिक्षावाले मामा मागे येऊन उभे राहिले. बराच वेळ बघून म्हणाले, "सर, सावली जांभळी कुटं असतीय ओ?" मी म्हटलं, डोळे अर्धे मिटून तुमच्या रिक्षाखाली बघा. त्यांनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली, थोडं खाली वाकले. मग म्हणाले, "हाय की ओ. जांभळीच हाय की." त्या दिवसापासून ते दुसऱ्यांना थांबवून दाखवतात.

दिवसातली कुठली वेळ चांगली?

सकाळी साडेनऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर. यामागचं गणित थोडं समजून घ्या, कारण ते आपल्या गावाचं गणित आहे.

सोलापूर साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य दुपारी बरोबर आपल्या डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली त्याच्या बुडाशी गोळा होते. तेही घड्याळात बाराच्या ठोक्याला होत नाही, बारा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी होतं. त्या वेळी रस्त्यावर सावलीच नाही, म्हणजे आपल्या हिशेबाने रंगच नाही. उलट संक्रांतीला सूर्य दुपारीही ५१ अंशांच्या वर चढत नाही. सहा फुटी माणसाची भर दुपारची सावली जवळजवळ पाच फूट पडते. म्हणून जानेवारीत दिवसभर चित्र काढता येतं आणि मेमध्ये सकाळीच उरकावं लागतं. पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा दुपारी रस्त्यावर बसणं तब्येतीलाही बरं नाही. मुलांना तर मी बसूच देत नाही.

गड्ड्याच्या मिरवणुकीतली पांढरी बाराबंदी कशी रंगवायची?

हा प्रश्न दरवर्षी डिसेंबरात येतो आणि मला तो सगळ्यात आवडतो.

सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, म्हणजेच गड्ड्यात, सात नंदीध्वज (सजवलेल्या उंच काठ्या) निघतात आणि बरोबरचे हजारो भाविक पांढऱ्या बाराबंदीत, म्हणजे बंदांनी बांधायच्या अंगरख्यात असतात. पांढऱ्यावर पांढरं, त्यावर उन्हाचं पांढरं. नवखा माणूस टिटॅनियम व्हाइट काढतो आणि सगळं एका पांढऱ्यात बुडवतो. त्याऐवजी गर्दीतला एकच माणूस निवडा आणि दहा मिनिटं नुसतं बघा. उन्हाकडच्या खांद्यावर पांढरा किंचित हळदीकडे झुकतो. सावलीकडची बाही निळसर राखाडी. छातीवरच्या बंदांच्या गाठीखाली बारीक गडद जांभळं. शेजारच्याचा भगवा किंवा लाल फेटा असेल तर त्याची झाक गालावर आणि कॉलरवर. खाली मातीकडून येणारा तांबूस उजेड कमरेपर्यंत. आता सांगा, यात निव्वळ पांढरा किती राहिला? खांद्यावरचा एक फटकारा. तो सगळ्यात शेवटी, जाड रंगात, एकदाच मारायचा.

अक्षता सोहळ्याला, म्हणजे यात्रेतल्या प्रतीकात्मक लग्नाला, संमती कट्ट्याजवळ गर्दीत बसून चित्र काढायचा हट्ट धरू नका. तिथे लोक श्रद्धेने येतात, आपल्या स्टँडची अडचण होते. लांबून, उंचावरून बघा. अक्षता हवेत उधळल्या जातात तेव्हा तांदळाचे दाणे दिसत नाहीत, उन्हात क्षणभर हवाच पिवळसर चमकल्यासारखी वाटते. ते कसं रंगवायचं, मी अजून शिकतो आहे.

रंग मिसळायचे नाहीत, शेजारी शेजारी ठेवायचे, असं सांगतात. ते का?

विणकराच्या घरातल्या मुलांना हे एका वाक्यात कळतं. चादरीतला ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असला की हातात धरल्यावर दोन धागे दिसतात आणि दहा पावलांवरून तिसराच रंग दिसतो. ब्रशचे फटकारे म्हणजे धागेच.

हे नुसतं माझं उदाहरण नाही. या रंगविचाराची एक मोठी मुळी कापडातच आहे. मिशेल शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते. काळं सूत नीट काळं दिसत नाही, फिकं पडतं, अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. त्या काळ्याशेजारी निळं-जांभळं सूत विणलेलं होतं आणि शेजारामुळे काळा फिका भासत होता. कुठलाही रंग शेजारच्या रंगामुळे बदलून दिसतो, हा त्यांचा निष्कर्ष १८३९ साली छापून आला आणि पुढे चित्रकारांच्या कामी आला.

सोलापुरात अशी तक्रार घेऊन येणारं गिऱ्हाईक आणि "रंग तोच आहे, शेजार बदललाय" असं सांगणारा रंगारी आजही भेटेल. साखर पेठेकडे जुन्या विणकरांना विचारा. पुस्तकापेक्षा लवकर कळेल.

कुठे बसावं?

पहिल्यांदा येत असाल तर सिद्धेश्वर तलावाच्या काठी. पाणी, पाण्यातलं मंदिर आणि बाजूला भुईकोट किल्ल्याचा काळा दगड, म्हणजे उजळ आणि गडद यांची शाळाच. प्रतिबिंब रंगवताना एवढं ध्यानात ठेवा की उजळ वस्तूचं प्रतिबिंब थोडं गडद पडतं आणि गडद वस्तूचं थोडं उजळ.

थोडा हात बसला की लक्ष्मी मार्केटला या. तिथे भाजीवाल्यांनी डोक्यावर बांधलेली निळी-पिवळी ताडपत्री हीच मोठी गंमत आहे. तिच्यातून गाळून आलेल्या उन्हात वांगी निळी होतात आणि मावशींचा चेहरा पिवळा. ताडपत्रीला भोक असेल तिथे एकच टोमॅटो खऱ्या लाल रंगात पेटलेला दिसतो.

आणि ज्यांना खरंच अवघड काही करायचं आहे त्यांनी यंत्रमागाच्या एखाद्या शेडच्या दारात बसावं, मालकाला विचारून. आत अंधार, पत्र्याच्या फटीतून तिरपी उन्हाची पट्टी, आणि त्या पट्टीत उडणारं सुताचं तूस. माग चालू असतो तोपर्यंत ती पट्टी जिवंत असते. माग थांबला, की तूस खाली बसतं आणि पट्टी पुसट होते. उजेड दिसायला त्याच्या वाटेत काहीतरी यावं लागतं, हे मला तिथे कळलं. स्टेशनातल्या वाफेत मोने यांना हेच सापडलं असावं.

माणसं हलतात, गाड्या हलतात. काढायचं कसं?

माणूस काढू नका, त्याचा डाग काढा. डोकं एक ठिपका, धड एक फटकारा, पाय एक किंवा दीड. दोन पाय सारखे काढले की माणूस जागेवर थिजतो. एक लांब, एक तोकडा ठेवला की चालायला लागतो. पायाखाली सावलीचा आडवा फटकारा दिलाच पाहिजे, नाहीतर माणूस हवेत तरंगतो.

पॅरिसच्या बुलव्हार दे काप्युसीन या रस्त्याचं मोने यांचं चित्र बघा. वरच्या मजल्यावरून बघितलेली गर्दी, सगळी नुसत्या काळपट फटकाऱ्यांची. लरुआने त्याच फटकाऱ्यांची चेष्टा केली होती. आज आपण तिथे गर्दी बघतो, फटकारे दिसतही नाहीत.

सामान काय लागतं? खर्च किती?

थोडंच लागतं. लेमन यलो, यलो ऑकर, व्हर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, सेरुलियन, बर्न्ट सायना आणि पांढरा. एक रुंद फ्लॅट ब्रश, एक मधला, एक राउंड. जलरंग असतील तर ३०० जीएसएमचा कागद घ्या, पातळ कागद आपल्या उन्हात पापडासारखा वळतो. पोस्टर कलरने सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.

तैलरंगातला जवसाच्या तेलाचा वास आला की मला घरची जवसाची चटणी आठवते, बी तेच. आणि रस्त्यावर बसून तैलरंग वापरता येतात याचं श्रेय जॉन गॉफ रँड या अमेरिकन चित्रकाराला आहे. त्याने १८४१ साली दाबून रंग काढायची धातूची ट्यूब शोधली. त्याआधी तयार रंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवीत बांधून ठेवत. ते घेऊन रस्त्यावर कोण बसणार?

ॲक्रिलिक रंग पॅलेटवरच वाळून जातात. उपाय?

सोलापुरी टॉवेलचा तुकडा ओला करून पसरट डब्यात घाला, वर बटर पेपर आणि त्यावर रंग. डब्याला झाकण असू द्या. एप्रिलमध्येही दोन तास निघतात.

फोटो काढून घरी बसून रंगवलं तर?

चालेल, पण मोबाइल आपल्या उन्हात हमखास फसतो. उन्हाची बाजू पांढरी जाळतो आणि सावली काळी करतो. म्हणजे जिथे रंग होता तीच जागा पुसून टाकतो. निदान सावलीतल्या रंगांच्या चार खुणा जागेवर कागदावर करून घ्या. मग घरी फोटोवरून खिडक्या मोजा.

चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेली नाही. येऊ का?

या.

लोकांची चित्रं काढताना विचारावं लागतं का?

लांबच्या गर्दीला विचारता येत नाही आणि गरजही नसते. पण ओळखू येईल इतक्या जवळून कुणाला रंगवणार असाल तर आधी विचारा. दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळणाऱ्या बायकांचं चित्र सगळ्यांना हवं असतं. त्यांचा हात मोजून काम करतो, हजाराचा हिशेब असतो. त्यांना पोज द्यायला सांगणं म्हणजे त्यांची मजुरी बुडवणं. मी एका अक्कांना विचारलं होतं, तर त्या म्हणाल्या, "बसा की, पण मी वर बघणार नाय." तेच बरोबर होतं. सूपातल्या तेंदूपानांवरचं ऊन आणि खाली झुकलेली मान, चित्र त्यातच होतं. झाल्यावर त्यांना दाखवलं. त्यांनी आधी सुपाकडे बोट केलं, पानं हिरवी नाहीत, वाळल्यावर अशी तपकिरीच दिसतात, बरोबर काढली म्हणून.

मुलींनी एकटं रस्त्यावर कसं बसावं?

हा प्रश्न दीडशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्येही होता. बेर्त मोरिसो आणि मेरी कसाट या त्याच गटातल्या चित्रकर्तींना पुरुषांसारखं वाटेल तिथे बसता येत नव्हतं. त्यांनी बागा, बाल्कन्या, घरातल्या खिडक्या रंगवल्या आणि त्यांचा उजेड कुणापेक्षा उणा नाही. पण तेवढ्यावर समाधान मानावं असं मी म्हणणार नाही. आमच्या गटात निम्म्याहून जास्त मुली आहेत, त्या चौकातच बसतात. गटाने या. एखाद्या रविवारी जमलं नाही तर गच्चीवरून काढा. पिसारो यांनीही डोळ्यांच्या दुखण्यामुळे १८९७ साली हॉटेलच्या खिडकीत बसून खालचा बुलव्हार मोंमार्त्र रंगवला, एकच रस्ता चौदा वेळा.

रात्री किंवा पावसात काय काढता येईल?

पिसारोंच्या त्या चौदा चित्रांत एकच रात्रीचं आहे. त्यात रस्त्यावरचे विजेचे दिवे थंड पांढरे, दुकानांतले गॅसचे उबदार, घोडागाड्यांचे तेलाचे. तीन उजेड, तीन रंग. संध्याकाळी सातला नवी पेठेत हेच करा : एलईडीचा निळसर, जुन्या पिवळ्या बल्बचा, गाड्यांच्या मागच्या दिव्यांचा लाल.

पाऊस आपल्याकडे कमी, म्हणून तो आला की सोडू नका. सप्टेंबरातल्या सरीनंतर डांबरी रस्ता अर्धा तास आरसा होतो. त्याच गटातल्या कायबोत यांचं १८७७ मधलं पावसाळी रस्त्याचं चित्र बघितलंत तर ओल्या फरसबंदीचा तो राखाडी किती रंगांचा बनला आहे ते कळेल.

चित्र झालं, हे कसं ओळखायचं?

सावलीला विचारायचं. बसल्या बसल्या मी समोरच्या छपराच्या सावलीची कड खडूने रस्त्यावर आखून ठेवतो. साधारण तासाभरात ती दोन-अडीच हात सरकते. मग कितीही राहिलं असलं तरी ब्रश धुवायचा, कारण आता समोर दुसरंच चित्र सुरू झालेलं असतं. मोने उजेड बदलला की कॅनव्हास बदलत. रुआँच्या कॅथेड्रलची त्यांनी तीसहून जास्त चित्रं केली ती अशीच. आपण कागद उलटून पिशवीत ठेवायचा आणि राहिलेलं पुढच्या रविवारी, त्याच वेळी, त्याच खडूच्या रेघेवर सावली आली की सुरू करायचं. रेघ पुसली गेली असेल तर शेजारच्या चहावाल्याला विचारा, त्याला जागा माहीत असते.